सेंदाईच्या मालकाने लिहून दिलेला कागद

नागोयातल्या मिसो-उडोन नूडल्सच्या दुकानाबाहेर दुपारची रांग होती. चिहारूच्या मागे एक वयस्कर जोडपं उभं होतं, आणि कान मिटता येत नाहीत.

"अहो, इथे तरी चार घास खा. सेंदाईत ती बैलाची भाजलेली जीभ तुम्ही नुसती बघत बसलात."

"आपण काय सहलीला आलोय? काझुमाची जिथे जिथे बदली झाली, तिथले दुकानदार गाठायचे. कामावरून सुटून तो किती वाजता जेवायला यायचा, हे लिहून घ्यायचं. तेव्हा कुठे सरकार मानेल की कंपनीने आपल्या पोराला राबवून मारलं."

"सेंदाईच्या मालकाने दिलं की लिहून."

"काय दिलं? 'रोज संध्याकाळी सातला यायचा, निवांत जेवायचा, हसायचा.' कंपनी हा कागद डोक्यावर घेऊन नाचेल!"

"आईला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल हो त्याने. भला माणूस होता."

"म्हणजे खोटं?"

"त्याचं दुकान उघडतंच रात्री नऊला. दारावर पाटी होती."

"आणि हे तू आत्ता सांगतेस? तिथेच का नाही बोललीस?"

"'हसायचा' म्हणाला ना तो. मग पुढचं काही विचारवेना मला."

चिहारू भिंतीवरची दरांची यादी पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. रांग दोन पावलं सरकली.

"इथे मी एकटाच आत जातो."

"आणि मी?"

"तू बाहेर थांब. तू रडलीस की लोक चांगलं तेवढंच सांगतात."