पाटीलभाऊंच्या खुर्च्या

कोपरीतल्या आमच्या गल्लीत सायकल लेन झाली, तेव्हाची गंमत सांगते. आमचे हे तिथेच सायकलवरून येताना गाडीखाली सापडून गेले, म्हणून लेनसाठी मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. समोरचे पाटीलभाऊ बैठकीत म्हणाले, "वहिनी, मंग माझी गाडी काय डोक्यावर ठेवू?"

लेन रंगवल्याच्या दुसऱ्या सकाळी बघते तर तिच्या तोंडाशी पाटीलभाऊंच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या! पार्किंगची जागा आमच्याकडे अशीच धरतात. मी तरातरा खाली गेले.

"अडवलीत ना शेवटी?"

"अडवली. नायतर गाड्या घुसतील," एक खुर्ची बाजूला करत ते म्हणाले. "दादांची सायकल आना खाली. पयली तीच जाऊ दे."

"मला चालवता येत नाही हो."

"मंग हातात धरून चला, वहिनी. मी हाय ना मागं."