पहिलं झाड की पहिला माणूस

हे हार आज कुठून आले? परवा दौलतदादाले न्यायचं होतं, तेव्हा तुमचे सगळ्यांचे खांदे दुखून राहिले होते. आज शोकसभा म्हटली, तर शाळेचा वऱ्हांडा पुरत नाही. पांढुर्ण्याचे आले, सौंसरचे आले, तिगाववरून गाडीनं आले. आले ते बरं केलं. बसा. मले भाषण येत नाही, दुसरीपर्यंत शिकलेली बाई मी. दुःखाहून राग वर येऊन राहिला. रडणं मग पाहीन.

मी त्याची लहान बहीण, अनसूया. तो मिशनच्या नर्सबाईशी लग्न करून ख्रिस्ती झाला, मी हिंदूच राहिली. आमच्यात भांडण नाही झालं. भांडण केलं तुम्ही.

काहून? एका प्रश्नापायी!

दादा संत्र्याची कलमं बांधे. जंबेरी लिंबाच्या रोपाले चीर द्यायची, संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून केळीच्या सालीनं आवळायचं. अन् दुपारी तिथंच सावलीत बायबल वाचायचं. एक दिवस मले म्हणे, "अनू, पहा व. पहिल्या पानावर आधी आकाश, मग धरती. मग झाडं, मग जनावरं, अन् माणूस सगळ्यात शेवटी. दुसऱ्या पानावर धरतीचं नाव आधी, आकाशाचं मागून. अन् माणूस झाला तेव्हा शेतात एक झाड नाही! काहून, तर पाऊस नाही अन् मशागत करायले कोणी नाही."

मी म्हटलं, "मग खरं कोणतं?"

हसला. "चर्चच्या पाळकसाहेबाले विचारतो. पण हे दुसरं पान सांगणारा माळीच असला पाहिजे व. माणसाशिवाय बाग होत नाही, हे माळ्यालेच माहीत."

ऐकलं? माणूस खूश होता! त्या खुशीत रविवारी भर प्रार्थनेत उठला अन् विचारलं. पाळकसाहेब, तुम्ही काय म्हटलं त्याले? "कोणाच्या सांगण्यावरून विचारून राहिला, दौलत?" चर्चचे पंच म्हणाले, हा थट्टा करते. यादीतून नाव काटलं. स्वर्ग-धरती करणारा देव, तो एका माळ्याच्या प्रश्नाले भीते काय?

अन् आमचे गाववाले, तुम्ही माना डोलवू नका. तुम्ही त्याले पारावर बसवून म्हणत, "काय दौलत, तुझ्या देवाले आपलीच गोष्ट आठवत नाही का?" दादा म्हणे, "तुझी माय तुझ्या जन्माची गोष्ट पाहुण्याले सांगते, तशीच तुले सांगते का?"

नाही सांगत. पाहुण्याले सांगताना वार-तिथीनं सांगते. लेकराले सांगताना लेकरू मधात ठेवते, बाकी घरदार मागून. दोन्ही खरं. हे मले समजते, अन् तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाले समजलं नाही?

सरकारचंच पहा ना. कालपर्यंत आपली राजधानी नागपूर, आता म्हणे भोपाळ. जुना कागद एक सांगते, नवा कागद दुसरं. कोणी तहसीलदाराचं नाव काटलं काय?

दादा मेला. वहिनीच्या कबरीजवळची जागा त्यानं कधीची सांगून ठेवली होती. तिच्या पायथ्याशी स्वतःच्या हातानं कलम लावलं होतं. पंच म्हणाले, यादीत नाव नाही. स्मशानवाले म्हणाले, ख्रिस्ती माणूस. आकाश आधी की धरती विचारणाऱ्याले तुम्ही साडेतीन हात धरती दिली नाही! मी अन् बागेतल्या तीन मजुरांनी त्याले जंबेरीच्या वाफ्यात पुरलं. कुदळ मीही मारली.

पाळकसाहेब, मान वर करा. येत्या रविवारी, जिथं दादा उभा होता तिथंच उभं राहून सांगा, त्या प्रश्नात पाप काय होतं? नाव परत लिहिता की नाही? वहिनीच्या दगडावर त्याचं नाव कोरता की नाही? हो म्हणा, नाही म्हणा. पण सगळ्यांसमोर म्हणा. मी पहिल्या बाकावर बसून राहीन.

आता उभे राहा. दोन मिनिटं दादासाठी गप्प राहा. गप्प राहायची तुम्हाले सवय आहेच.

रविवारी मात्र मले उत्तर पाहिजे.