नकाशाखालची नावं

आसावरी: म्हणून म्हणते आबा, एक वाजता डॉरथी जेवायला आली की सरळ सांगून टाका, काही सापडलं नाही. अडीचशे वर्षांपूर्वीचे कागद आहेत, नाही सापडत कधी कधी. थोडा वेळ तोंड पाडून बसेल, मग जेवेल.

प्रतापराव: चौतीस वर्षं भूमी अभिलेखमध्ये काढली मी. सापडलेला कागद सापडला नाही असं एकदाही सांगितलं नाही. आता रिटायर झाल्यावर, तुझ्या सासूसाठी, अमेरिकेत, अ‍ॅशबर्नला येऊन सुरुवात करू होय?

आन्या: वेट, आजोबा, सापडलं? तू काल काहीच बोलला नाहीस.

प्रतापराव: काल नकाशा जुळत नव्हता. एका बाजूला चार पोल कमी पडत होते. आज सकाळी चहाच्या आधी जुळला.

आसावरी: आन्या, तू तुझं पुस्तकाचं बघ. सोमवारी प्रिंटरकडे जायचंय ना ते?

आन्या: मम्मा, पण फर्स्ट पेजच इनकम्प्लीट आहे. ग्रॅमाच्या एटीएथ बर्थडेला सत्तर रिलेटिव्हज येणार, सगळ्यांना आपण फॅमिली बुक देणार, आणि पहिल्या पानावर काय? ‘नेथन हॅडली, सन ऑफ’ आणि पुढे ब्लँक. सिक्स इयर्स शोधतेय ती. सांग ना आजोबा.

प्रतापराव: तुझी ग्रॅमा हुशार बाई आहे, पण तिनं उत्तर आधी ठरवलं आणि मग शोधायला बसली. कॅप्टन हॅडली मोठा जमीनदार, आडनाव एक, म्हणजे आपला नेथन त्याचाच मुलगा. कॅप्टनच्या मृत्युपत्रात चार मुलगे आहेत, नेथन नाही. तर म्हणते, बापलेकाचं वाजलं असणार.

आन्या: हो, कुठल्यातरी मुलीसाठी तो पळून गेला, असं ती सगळ्यांना सांगते.

प्रतापराव: नावावर जायचं नसतं बाळा. आमच्या खटाव तालुक्यात एकेका गावात चार-चार प्रताप साळुंखे आहेत. माणूस सापडत नसला की जमीन धरायची. जमीन कुठं पळून जात नाही. नेथननं १७७४ मध्ये साठ एकर मुलाच्या नावावर करून दिली, तो कागद ग्रॅमाकडे होताच. त्यात हद्दी लिहिल्यात. पांढऱ्या ओकच्या झाडापासून ईशान्येला अडुसष्ट पोल, तिथून ओढ्याच्या काठाकाठानं खाली, असं. पोल म्हणजे साडेसोळा फूट. मी ती साठ एकर ग्राफ पेपरवर काढली. मग त्याच्या शेजाऱ्यांच्या जमिनी काढल्या, त्यांच्या कागदांवरून. मग शेजाऱ्यांच्या शेजाऱ्यांच्या. एकवीस तुकडे झाले.

आसावरी: म्हणून डायनिंग टेबलभर कागद, आणि तीन आठवडे आम्ही किचनमध्ये उभ्याने जेवतोय.

आन्या: आणि ते एकवीस डीड्स मी स्कॅन करून आणलेत, ओके? कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधली लेडी मला आता कुकीज देते.

प्रतापराव: तर नेथनची जमीन कॅप्टनच्या जमिनीला कुठंच लागत नाही. मधे ओढा आहे आणि दुसऱ्याच कुणाची दोन शेतं. ती साठ एकर कापून काढलीय एका मोठ्या तुकड्यातून, आणि तो तुकडा मिसेस बार्कर नावाच्या एका विधवेचा. ती हॅडली नाही, म्हणून तिचं मृत्युपत्र कुणी उघडलंच नव्हतं. मंगळवारी तू फोटो आणलास ते तिचंच. वाच बरं.

आन्या: मला नाही वाचता येत हे. सगळीकडे एसच्या जागी एफ आहे.

प्रतापराव: ते एसच आहे, जुन्या वळणाचं. ज्यानं मोडी वाचलीय त्याला हे काय अवघड. ऐक, मराठीत सांगतो. ‘नेथन हॅडली, ज्या पोरक्या पोराला मी लहानाचा मोठा केला, आणि ज्यानं माझ्या दिवंगत नवऱ्याची साखळी चौदा वर्षं वाहिली, त्याला तो राहतो ती साठ एकर जमीन, त्याला आणि त्याच्या वारसांना, कायमची.’

आन्या: साखळी? लाइक, प्रिझनर होता तो?

प्रतापराव: नाही गं. बार्कर या काउंटीचा सर्व्हेअर. जमीन मोजायची लोखंडी साखळी असते, ती घेऊन रानातून चालणारा माणूस नेथन. हे बार्करचे नकाशे बघ. तळाला काय लिहिलंय?

आन्या: ‘चेन कॅरिअर्स, नेथन हॅडली अँड’ कोणीतरी जेम्स. ओह. ह्याच्यावर पण आहे. ह्याच्यावर पण.

प्रतापराव: बेचाळीस नकाशे मिळाले. बेचाळिसांवर आहे. साखळी वाहणाऱ्याला शपथ द्यायचे आणि नाव लिहायचे.

आसावरी: झालं सांगून? आता माझं ऐका. तुमचं काम फर्स्ट क्लास आहे आबा, मला कळतंय. पण त्या बाईला कॅप्टन पाहिजे. बावीस वर्षं बघतेय मी तिला, त्या कॅप्टनच्या जोरावर तिची मान ताठ आहे. आणि तुम्ही तिला वाढदिवसाला काय देणार? एक अनाथ मजूर?

प्रतापराव: मजूर नव्हे. साखळीवाला.

आसावरी: तो शब्द तर नकोच आज या घरात.

प्रतापराव: का? काय वाईट आहे त्यात?

आन्या: हे काय आहे? मम्मा, माझं पान बघ. ‘ग्रेट-ग्रँडफादर, भिकाजी साळुंखे, चीफ सर्व्हेअर, सातारा.’ आजोबा, तू तर म्हणाला होतास तुझे वडील अनवाणी चालायचे. चीफ सर्व्हेअर बेअरफूट?

प्रतापराव: कुणी लिहिलं हे?

आन्या: मी टाइप केलं. माहिती ग्रॅमाची.

प्रतापराव: आणि ग्रॅमाला कुणी दिली?

आसावरी: मी दिली. लग्नाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात. टॉमचे सगळे नातेवाईक, एकेकाच्या पुढे तीन-तीन काटे, आणि ही बाई समोर बसून कॅप्टन हॅडलीची गोष्ट सांगतेय. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘अँड युवर पीपल?’ मी म्हटलं, माझे वडील सर्व्हेअर आहेत. आजोबाही होते. ‘चीफ’ तिने नंतर कधीतरी लावलं असेल.

प्रतापराव: मी तुझ्या शेजारीच बसलो होतो.

आसावरी: हो. तुम्हाला तिचं बोलणं कळत नव्हतं.

प्रतापराव: मला वाटलं, पोरगी आपल्या घराबद्दल काहीतरी चांगलं सांगतेय. मी मान हलवत होतो.

आसावरी: आबा, नका ना असं. तेव्हापासून दर थँक्सगिव्हिंगला ती पाहुण्यांना सांगते, आसावरीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सर्व्हेअर. कधी दुरुस्त करणार होते मी? टर्की कापताना?

प्रतापराव: ऐक आसावरी. माझा बाप तेहतीस फुटांची साखळी खांद्यावर टाकून अख्खा खटाव तालुका चालला. साहेब बाभळीखाली बसून टिपण लिहायचे, आकडा हा ओरडून सांगायचा. बांध सरकवायला लोक कोंबड्या आणून द्यायचे, त्यानं एक कडी इकडची तिकडं केली नाही. आजही त्या मोजणीवर कोर्टात निकाल लागतात. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या वर्षी रेकॉर्ड रूममधले त्याच्या काळातले सगळे नकाशे काढून बघितले, कुठं त्याचं नाव दिसतं का. सही मोजणीदाराची, शिक्का कचेरीचा. ह्याचं नाव एका कागदावर नाही. आणि इथं सातासमुद्रापार बेचाळीस नकाशांवर साखळीवाल्याचं नाव. बार्करची साखळी किती फुटांची होती माहीत आहे? तेहतीस. तेवढीच. तीन आठवडे मी त्या नेथनचं नाव बघत होतो आणि माझी छाती फुगत होती. माझ्या लेकीच्या सासरचा मूळपुरुष आणि माझा बाप, दोघांचा धंदा एक. मला वाटलं तुलाही आनंद होईल.

आसावरी: मला लाज वाटत नव्हती आबा. नाही, खोटं कशाला बोलू. तेव्हा वाटली होती.

आन्या: ग्रॅमाची कार आली. कोणीतरी मला लवकर सांगा, तिला काय सांगायचं?

प्रतापराव: नेथनबद्दल जे सापडलं ते. बाकी काही नाही.

(डॉरथी टेबलापाशी येऊन बसली आहे. तिचं बोलणं आन्या मराठीत सांगते.)

आन्या: ती म्हणतेय, सापडलं असेल तर सरळ सांगा, गोड करून नको. ती थर्टी इयर्स स्कूल प्रिन्सिपल होती, तिला सगळं ऐकायची सवय आहे.

प्रतापराव: विहीणबाईंना सांग, कॅप्टन हॅडली तुमचा कुणी नव्हे.

आन्या: आजोबा, थोडं सॉफ्टली सांगू?

प्रतापराव: त्यांनी नको म्हटलंय ना? तसंच सांग. मग हे मृत्युपत्र पुढं ठेव आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाच.

आन्या: वाचलं. आता ती स्वतः परत पहिल्या ओळीपासून वाचतेय.

आसावरी: दिसतंय मला. पाणी दे तिला.

आन्या: नको म्हणतेय पाणी. म्हणतेय, सहा वर्षं मी चुकीच्या घराच्या दारात उभी होते. आणि विचारतेय, ऑर्फन होता तर त्याचे आईवडील कोण, हे आता कधीच कळणार नाही?

प्रतापराव: नाही कळणार बहुतेक. उगाच आशा लावत नाही.

आन्या: ती विचारतेय, त्याची सही कुठे आहे का?

प्रतापराव: फुली आहे. मुलाला जमीन दिली त्या कागदावर, खाली उजवीकडं. शेजारी कारकुनानं लिहिलंय, नेथनची खूण.

आन्या: ती म्हणतेय, तो कागद लहानपणापासून त्यांच्या घरात आहे. ती फुली तिला शाईचा डाग वाटायची.

आसावरी: आबा, ती रागावली नाहीये. तिचं बोट बघा, नेथनच्या नावावरून फिरतंय.

आन्या: आता विचारतेय, चेन कॅरिअरचं काम कोणीही करू शकतं का? म्हणजे त्यात स्किल काय असतं?

प्रतापराव: कुणीही? त्यांना सांग, साखळी जरा ढिली राहिली, मधे झोळ पडला, की जमीन कागदावर जास्त भरते. चढावर ती छातीपर्यंत उचलून आडवी धरावी लागते, नाहीतर डोंगर मोजला जातो, जमीन नाही. ओढ्यात, काट्यात, सापकिरडूत सरळ रेघेत चालायचं आणि आकडा विसरायचा नाही. लिहिणारा चुकला तर खोडता येतं. साखळीवाला चुकला तर कुणाला कळतसुद्धा नाही, शेजारी मात्र नातवंडांपर्यंत भांडत बसतात. आणि हेही सांग, मी नेथनची मोजणी आजच्या नकाशावर ठेवून बघितली. ओढा अजून तिथंच आहे. त्याच्या जमिनीचा एक कोपरा टॉमच्या डेटा सेंटरच्या पार्किंगमध्ये येतो. चार पोल कमी पडत होते ना, मला वाटलं हा चुकला. चूक माझ्या बेरजेत निघाली. त्यानं जंगलात, अडीचशे वर्षांपूर्वी, बरोबर मोजलं होतं.

आन्या: ती हसतेय. म्हणतेय, प्रताप, तुम्ही तर असं बोलताय जसं काही नेथन तुमच्या ओळखीचा होता.

प्रतापराव: सांग, चौतीस वर्षांची नोकरी झाली. त्यामुळं. एवढंच सांग.

आसावरी: थांब आन्या. हे ट्रान्सलेट नको करूस. मी बोलते तिच्याशी.

आन्या: आजोबा, मम्मा तिला सांगतेय की तिचे आजोबा सर्व्हेअर नव्हते, ते...

प्रतापराव: कळतंय मला. एवढं इंग्लिश आता कळतं.

आन्या: मम्मा रडतेय पण.

प्रतापराव: बोलू दे तिला.

आन्या: ग्रॅमाने माझं पान मागितलंय. पेन पण. ‘चीफ सर्व्हेअर’ खोडलं तिने. विचारतेय, पूर्ण नाव काय, आणि गाव?

प्रतापराव: भिकाजी रामजी साळुंखे. गाव औंध लिही, तिथंच शेवटपर्यंत राहिले.

आन्या: लिहिलं. ‘चेन कॅरिअर’ असं लिहिलं तिने, मोठ्या अक्षरात. आता एक अडचण आहे म्हणतेय. पुस्तकात प्रत्येक नावाखाली सोर्स द्यावा लागतो, ते नाव कुठल्या कागदावर सापडलं ते. नेथनखाली मिसेस बार्करचं मृत्युपत्र येईल. भिकाजींच्या खाली काय लिहायचं?

प्रतापराव: कागद नाही म्हणावं. रिकामं ठेवलं तरी चालेल.

आसावरी: रिकामं नाही ठेवायचं. माझं नाव घाल आन्या. सोर्स, आसावरी साळुंखे, नात.