हवा खेळती पाहिजे

...आणि मी म्हटलं खाली, तर ते म्हणाले खाली, आणि दोघांचंही खाली बरोबर! मग चुकलं कोण? सांगा ना तुम्हीच! नाही, थांबा, तुम्हाला आधीचं काहीच माहीत नाही. माझं हे असंच होतं. मी बोलतच नाही, वर्गात मला 'म्यूट' म्हणतात, आणि एकदा बोलायला लागले की मधूनच सुरू होते.

तर कॉम्प्युटर. आमच्या योगेंद्रदादाचा. त्याला चाकणला नोकरी लागली आणि जाताना तो कॉम्प्युटर मला देऊन गेला. म्हणाला, "केतू, दर रविवारी मी तिकडून लॅपटॉपवर येतो, तू इकडून ये, खेळू आपण पहिल्यासारखं." पहिल्यासारखं म्हणजे कसं, तर एका कीबोर्डवर दोघं, डावीकडची बटणं माझी, उजवीकडची त्याची, आणि मी जिंकायला लागले की त्याचं कोपर माझ्या बरगडीत! हसू नका. तुम्हाला सांगते, मला आता ते कोपरसुद्धा आठवतं.

आला रविवार. खेळ सुरू, माझी गाडी पळतेय, दादा कानात ओरडतोय, "वळव! केतू, वळव ना!" आणि मी वळवणार तेवढ्यात... फट्! स्क्रीन काळी. कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावते तर तवा! पोळी टाकली असती तर फुगली असती! पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. मी वळणावर आले की हा बंद! शेवटी दादा फोनवर म्हणाला, "कॅबिनेट बदल. त्या डब्यात हवा जायला वाटच नाही. दिसायला कसंही असू दे, महाग नको, पण हवा खेळती पाहिजे."

कॅबिनेट म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं पोट ज्याच्यात बसवतात तो डबा. मम्मीला वाटलं स्वयंपाकघरातलं. म्हणाली, "घेऊ की! वरच्या खणात पापडाचे डबे राहतील."

आणि तुम्हाला सांगते, अर्धा दोष मम्मीचाच होता. ती घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करते, त्यामुळे आमच्या घरात उघडं काहीच राहत नाही. फ्रिजवर साडीचा तुकडा, टीव्हीवर तुकडा, कूलरवर तुकडा. आमच्या सुरतच्या गोडादऱ्यात धूळ कमी आणि साडीचे तुकडे जास्त! कॉम्प्युटरवर हिरवा, जरीकाठाचा. "मम्मी, त्याला हवा लागते गं!" "आणि धूळ बसली म्हणजे? तू पुसणार?" पप्पा लूमच्या खात्यावरून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून आले, बनियन पिळत म्हणाले, "आम्ही दिवसभर भट्टीत उभे, आम्हाला विचारलं का कोणी, हवा खेळती पाहिजे का म्हणून? आणि या डब्याला पंखे!" पण पैसे त्यांनीच दिले. कारण दादाशी त्यांचंही बोलणं रविवारीच होतं, माझ्या पाठीमागे उभं राहून, "जेवला का विचार त्याला."

गेलो दुकानात, मी आणि मम्मी. ओळीने कॅबिनेटं, सगळ्यांना पुढून काच आणि आत दिवे. दुकानदारकाका म्हणतात, "जो बेटा, सात कलर नी लाइट! घर मां नवरात्रि!" मी हळूच म्हटलं, "हवा?" त्यांना ऐकूच आलं नाही. मम्मी ओरडली, "भाई, ए हवा पूछे छे!" तर काका म्हणतात, "एसी चालू छे ने, बेन!"

मम्मी प्रत्येक डब्यावर बोटाने टकटक करून बघतेय, माठ घेतल्यासारखं. आणि मला कोपऱ्यात तो दिसला. काळा, साधा, दिवे नाहीत, काच नाही, पुढून सगळी जाळीच जाळी. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. वर्गात मी बसते ना, तसा. मी एक हात मागे धरला आणि पुढून फुंकर मारली... लागली हो हाताला! "दुकानात काय फुंकतेस? चहा आहे का तो?" मम्मी म्हणाली. पण मी म्हटलं, हाच. हवा खेळती पाहिजे ना? मग हाच!

आता राहिला पंखा. दादाने बजावलं होतं, एक पंखा खाली घे, म्हणजे खालून गार हवा आत येते, वरून गरम बाहेर जाते. मी बसमध्ये अख्खा रस्ता गुजरातीत पाठ केलं होतं, "काका, पंखो नीचे जोइए. पंखो नीचे जोइए." जन्म सुरतेतला माझा, गुजराती येते मला! पण काका अचानक वळले, "बोल बेटा, शुं जोइए?" आणि माझ्या तोंडातून घाबरून अर्धं मराठीच निघालं... "पंखो खाली."

आणि गुजरातीत खाली म्हणजे काय? रिकामं!

"पंखो खाली? पंखा वगरनुं? छे ने! सस्तुं पडशे!" म्हणजे काका समजले, बिनपंख्याचं पाहिजे, स्वस्तातलं!

तुम्ही म्हणाल, तुला कळलं नाही का? कळलं हो! तिथेच कळलं! पण नाही म्हणायचं म्हणजे परत बोलायचं! मी मान हलवली. आणि मम्मी रिक्षात खूश, "बघ, कसं स्वस्तात पाडलं!"

घरी उघडलं तर पंख्याच्या जागी नुसती गोल भोकं. दादा फोनवर खोकला लागेपर्यंत हसला. "केतू, तू रिकामं मागून आणलंस!" मग म्हणाला, "राहू दे, जुन्या डब्यातला पंखा काढ, मी सांगतो." फोन टेकवला पिठाच्या डब्याला, तो तिकडून बघतोय, मी इकडे स्क्रू फिरवतेय. "उलटा लावलास. हवा बाहेर फेकतोय." परत लावला. आता कळणार कसं? मी मम्मीच्या चिमूटभर टिकल्या जाळीपुढे धरल्या, तर सगळ्या उडून जाळीला चिकटल्या, चमचम! "खेचतोय, दादा, आत खेचतोय!" मम्मी ओरडतेय, "माझ्या टिकल्या!" आणि दादा टाळ्या वाजवतोय. तो आठवडाभर त्याचा रोज फोन. "किती गरम? बंद पडला का? आता बघ. परत हात लावून बघ."

त्या रविवारी खेळलो आम्ही, पूर्ण! मी वळले, हो, वळले त्या वळणावर! त्याच्या पुढच्या रविवारी त्याचा ओव्हरटाइम होता. मग रूमवरच्या पोरांबरोबर क्रिकेट. बरंच आहे ना, त्याला दोस्त झाले. पप्पा मागे उभे राहून थोडा वेळ बघतात आणि जातात. दादाचा मेसेज येतो, "चालतोय ना? मस्त!" आणि अंगठा.

कारण आता काही बिघडतच नाही! मग फोन कशाला करेल माणूस?

म्हणून काल मीच म्हटलं, "मम्मी, धूळ बसते गं याच्यावर, तो हिरवा तुकडा टाक ना." मम्मीला इतका आनंद! टाकला. मी खेळ लावला, दोन्हीकडची बटणं माझीच, आणि बसले वाट बघत. हात लावते, गार. आणखी एक तुकडा टाकला. गार! इतकं चांगलं कॅबिनेट निवडायला मला सांगितलं होतं कोणी?

हवा खेळती पाहिजे म्हणाला होता ना? खेळतेय हो. एकटीच.