उलट्या शेंगा

फिजीत सुवाहून आल्यावर लेवुका बेटाकडच्या बोटीसाठी मी धक्क्यावर रांगेत उभी होते. पुढे एक म्हाताऱ्या शिक्षिका होत्या आणि सुलू, म्हणजे तिथली लुंगी, नेसलेले त्यांच्या गावचे तरुण पास्टर.

"अपिसाई, रविवारचा चिखलात कांदळ लावायचा वर्ग बंद करणार म्हणे तू?"

"काय करू बाई? आया तक्रार करतात. पांढरे कपडे माखतात. बायबल चर्चमध्ये बसूनही शिकवता येतं, म्हणतात."

"तुझी आई काय कमी ओरडायची?"

"ओरडायची कसली, झाडूनं मारायची!"

"आणि तू कांदळाच्या शेंगांची अख्खी ओळ उलटी रोवलीस. टोकं आभाळाकडे!"

"अजून लक्षात आहे? तुम्ही तर त्याच ओळीपाशी प्रार्थना केलीत. मी लाजेनं डोळेच उघडले नाहीत."

"मला दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, बघू हा परत येतो का."

"आलो ना. सोमवारी शाळा बुडवून, गुडघाभर चिखलात. एकेक शेंग उपटून सुलटी केली."

"माहीत आहे. नारळाआड बसले होते मी."

"बाई!"

"आता त्याच झाडांखाली तुझी मुलगी खेकडे धरते."

पास्टरांनी धक्क्याखालच्या पाण्याकडे पाहिलं.

"या रविवारी ओहोटी किती वाजता?"

"साडेनऊला. नेमकी उपासनेच्या वेळी."

"मग उपासना अकराला. आणि आयांना सांगा, पास्टरही जुन्या कपड्यांत येणार आहे."

"ये. पण शेंगेचं कुठलं टोक खाली, ते आधी मुलांना विचार."