काढून ठेवलेली खरखर

...अहो, साफ केली, साफ! कॅसेटचं खोकं नाही, आतली गाणी! तुम्हाला सांगते, लग्न इतकं नवं आहे की चहात साखर किती, हे मला अजून रोज विचारलं जातं. अशा घरात सासऱ्यांनी मायेने माझी वस्तू साफ करून हातात ठेवली, तर नव्या सुनेने काय म्हणायचं? मी काही बोलले नाही.

कॅसेट होती 'ओलं सिमेंट' या बँडची. तुम्ही नाव ऐकलं नसणार, आणि त्यातच त्या बँडची थोरवी आहे. एका बंद पडलेल्या लाँड्रीत एकच माइक ठेवून अख्खा अल्बम केलेला. गिटार कुठलं आणि पंख्याची घरघर कुठली, कळत नाही. मधेच जागामालकीण दार बडवते, आणि ड्रमवाला न थांबता तिच्याच ठोक्यांवर ताल धरतो! माझं मत विचाराल... कोणी विचारत नाही, पण समजा विचारलंत... तर बँडचा पहिला अल्बम तेवढा खरा. दुसऱ्यात चांगला स्टुडिओ मिळतो, तिसऱ्यात व्हायोलिन येतं, चौथ्यात गायकाचे शब्द कळायला लागतात, मग उरलं काय? हे शहाणे पहिल्यावरच भांडून फुटले. कॅसेटी मोजक्याच निघाल्या, नेटवर शोधून सापडत नाहीत, आणि माझी तर ड्रमवाल्याने स्वतः दिलेली, वर बॉलपेनने 'जोरात ऐका' लिहून. नवऱ्याला दाखवली तर म्हणाला, "मलाही रॉक आवडतं," आणि जिममध्ये वाजतं ते लावलं. मी काही बोलले नाही.

आता सासऱ्यांचा धंदाच जुन्या कॅसेटी साफ करून द्यायचा. कोणाच्या आजोबांचं भाषण, कोणाच्या मावशीचं गाणं. मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरवर खरखर वेचत बसतात, तांदळातले खडे वेचावेत तशी. माझ्या सामानातली कॅसेट त्यांच्या हाती लागली, त्यांनी ती ऐकली, आणि माणूस हळहळला हो! कोणा लबाडाने पोरीला फसवून असली भरून दिली, म्हणाले. मग गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून खपले, आणि एका सकाळी सगळ्यांना बसवून लावली.

पंखा गेला होता. जागामालकीण गेली होती. गिटार म्हणजे मुळात खरखरच, तेही गेलं. उरला होता गायक... एकटा, स्वच्छ, पोस्टाच्या रांगेत उभा असल्यासारखा. आणि शब्द कळत होते! शब्द काय, तर 'फरशी, फरशी, थंड फरशी'. सासूबाई म्हणाल्या, "गोड आहे गं आवाज." सासरे म्हणाले की नव्या कॅसेटी हल्ली मिळत नाहीत, म्हणून त्याच कॅसेटवर परत भरलं. म्हणजे मूळचं? पुसलं! कॉम्प्युटरवरचंही काम संपताच पुसायची त्यांची शिस्त. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सासूबाई कौतुकाने म्हणतात, "बघा, भरून आलं तिला. किती शांत पोरगी." मी काही बोलले नाही.

पण दुपारी जेवण जाईना. म्हटलं, आज गप्प बसले तर हा स्वच्छ गायक जन्मभर गळ्यात पडला. गेले मागच्या खोलीत.

"बाबा, ती खरखरच गाणं होती."

त्यांनी हेडफोन काढला. संपलं, म्हटलं, माणसाच्या अख्ख्या विद्येवर पाणी ओतलं मी! तर ते उठले आणि फळीवरून दुसरी, घासून जुनी झालेली कॅसेट काढली. "काढलेलं मी टाकत नाही. उद्या गिऱ्हाईक आलं, की आमच्या आजोबांचा खोकला कुठे गेला, तर?" वर लिहिलं होतं, 'सूनबाई – कचरा'.

आणि लावली... अहाहा! पंखा, गिटार, दारावरचे ठोके, सगळी मंडळी सुखरूप.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एका टेपवर ते गायक लावतात, दुसऱ्यावर मी कचरा, आणि 'एक, दोन, तीन' म्हणून दोघं एकदम बटण दाबतो. दोन टेप कधी एका चालीने चालतात का? जागामालकीण एकदा गाण्याआधीच उगवते, एकदा गाणं संपल्यावर. रोज नवा अल्बम! मूळच्यापेक्षा, खरं सांगू... जाऊ दे, बँडवाल्यांच्या कानावर जायला नको.

काल सासरे मान हलवत म्हणाले, "पहिल्या बाजूचा कचरा मनापासून आलेला आहे. दुसऱ्या बाजूला जरा बाजारू झालेत." तुम्हाला सांगते, या मतापर्यंत पोचायला माझी सगळी कॉलेजची वर्षं गेली होती! आता माझी मतंसुद्धा माझी एकटीची राहिली नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज, "शांत मुलगी बघून आणली होती आपण."

मी काही बोलले नाही. आणि बोलले असते, तरी त्या कचऱ्याच्या आवाजात ऐकू कोणाला गेलं असतं?