पाटी खाली, मी वर

दिघीच्या धक्क्यावर मांदाडला जाणारा मचवा भरतीची वाट बघत होता आणि रंगू, आपल्या सुकटीच्या पाटीला टेकून, मचव्याची. शेजारी भागुबाईची आणि तिच्या धाकट्या दिराची, काळूरामची, जुंपली होती. ऐकायचं नाही म्हटलं तरी कान थोडेच मिटता येतात!

"वैनी, तळे गावचा बाजार तर काल झाला. आज पाटी घेऊन कुठं?"

"तळ्याच्या गडावर."

"वर कोण गिऱ्हाईक बसलंय?"

"कुणी न्हाय. बघायला चाललेय."

"आन खर्च?"

"तांडेलाला बोंबलाची जुडी दिली, भाडं फिटलं. रातीला गडाखालच्या केसरच्या पडवीत पडेन, तिला ही सुकट. भाकऱ्या बांधल्यात. तुझ्या खिशाला हात लावला का?"

"बाईमाणसानं उगाच डोंगर चढायचा? लोक काय म्हणतील?"

"तीच बाई पाटी घेऊन बाजाराला कोस कोस चालते, तवा काय म्हणतात?"

"मग पाटी घेऊनच चढ. इचारलं तर धंद्याला आले म्हण."

"आरं, त्या गडाखालनं चालून पाय झिजले माझे. मान वर केली तर पाटी घसरायची, म्हणून गड कधी धड बघितला न्हाय. ह्या खेपेला पाटी खाली ऱ्हाईल आन मी वर जाईन."

काळूराम तरातरा निघून गेला. रंगू हळूच भागुबाईजवळ सरकली.

"मावशी, केसरच्या पडवीत आणखी एकीला जागा हाय?"

"पाटी खाली ठेवशील?"

"ठेवीन."

"मग खोच पदर."